शेवटच्या इंचाची जवारी

मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात तंबोऱ्याची जवारी काढताना एकदा तरी पाहावं. कारागीर घोडीच्या पाठीवरून कानस हलकेच फिरवतो, तार जागेवर आणतो, छेडतो, कान देतो. पुन्हा तार बाजूला, पुन्हा कानशीचा एकच हात. सपाट दिसणाऱ्या घोडीला किंचित उतार असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते, म्हणून तंबोरा बोलतो. शेवटी तारेखाली सुती धागा सरकवायचा. तो केसभर चुकला की स्वर मिटतो, जागेवर आला की खोली भरून जाते.

जुन्या टर्नटेबलवर सुईचं कार्ट्रिज बसवताना मला हे काम आठवत राहिलं, कारण इथेही सगळा खेळ अर्ध्या मिलिमीटरचा आहे.

मुळात एक अडचण आहे. तबकडीची मूळ प्रत कोरणारं यंत्र काठापासून मध्याकडे सरळ रेषेत जातं. आपल्या घरातला टोनआर्म मात्र एका टोकाला खिळलेला असतो. दार उघडताना त्याची कड जशी कमान काढत जाते, तशी आर्मच्या टोकाची सुई तबकडीवर कमान काढते. सरळ कोरलेलं गाणं वाकड्या वाटेनं वाचायचं कसं?

यावरचा उपाय फार सुंदर आहे. आर्मचं डोकं आतल्या बाजूला तेवीस-चोवीस अंशांनी वळवायचं आणि सुईची पोच मधल्या खुंटीच्या सतरा-अठरा मिलिमीटर पुढे जाईल एवढी ठेवायची. असं केलं की सुईची दांडी खाचेशी दोन ठिकाणी अगदी तंतोतंत जुळते. नेहमीच्या आखणीत ही ठिकाणं मध्यापासून साधारण 66 आणि 121 मिलिमीटरवर येतात. मधल्या प्रवासात कोन थोडा चुकतो, पण नऊ इंची आर्मवर ही चूक दोनेक अंशांच्या आत राहते. हे गणित पर्सी विल्सन यांनी 1924 मध्ये मांडलं, लोफग्रेन यांनी 1938 मध्ये आणि बेअरवाल्ड यांनी 1941 मध्ये ते पक्कं केलं. एलपी बाजारात आली 1948 साली. म्हणजे एलपीच्या आधी तिचं गणित तयार होतं!

हेडशेलला, म्हणजे आर्मच्या डोक्याला, दोन लांबट फटी असतात. दोन बारीक स्क्रू ढिले ठेवून कार्ट्रिज त्यांत पुढे-मागे सरकवायचं. खुंटीवर चौकटी आखलेला कागद बसवायचा, सुई त्यावरच्या दोन ठिपक्यांवर आळीपाळीनं टेकवायची आणि सुईची दांडी रेघांना समांतर आहे का ते भिंगातून पाहायचं. एका ठिपक्यावर जुळलं की दुसऱ्यावर सुटतं. तासभर जातो. घाई करू नये.

नंतर वजन. मागचं काउंटरवेट फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत आणायचा, आकड्यांची कडी शून्यावर ठेवायची आणि मग कार्ट्रिजनं सांगितलेला भार द्यायचा. बहुतेक चुंबकीय कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम पुरतात. दोन ग्रॅम म्हणजे सराफाच्या जुन्या मापानं जेमतेम दोन मासे! सराफाचा छोटा डिजिटल काटा इथे उत्तम चालतो, फक्त त्याचं पारडं लोखंडी नसावं. कार्ट्रिजमधलं चुंबक त्याकडे ओढलं जातं आणि आकडा खोटा येतो. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड सुखरूप राहते, असं पुष्कळांना वाटतं. उलट आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती तीच फोडते.

डोकं वळवल्याची एक किंमतही मोजावी लागते. घर्षण आता आर्मला सतत मध्याकडे खेचतं. त्याला आवर घालायला काही जुन्या आर्मवर, उदाहरणार्थ एसएमई 3009 वर, धाग्याला टांगलेलं इवलंसं वजन असतं. जवारीचा धागा आणि हा धागा, दोघांनी केसभर जागेवरून स्वर सांभाळायचा.

एवढ्या काटेकोरपणाची आपल्या संगीताला खास गरज आहे, असं मला ठामपणे वाटतं. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते. बाहेरच्या काठाला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला जेमतेम 21. एका सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. आणि आपला राग तर शांत आलापातून सुरू होऊन द्रुत तानांकडे चढत जातो! सर्वात दाट गाणं सर्वात अरुंद जागी येतं. सुई तिथे अंशभर तिरकी असेल तर तानेतले दाणे चिकटतात, सकार फाटतो. म्हणून मी आतला ठिपका आधी जुळवतो.

स्वराच्या बारकाईचं म्हणाल तर मिरजेशेजारच्या सांगलीचा यावर जुना हक्क आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या संशोधनात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा गळा कामी आला. त्यातल्या प्रमाणश्रुती या बारीक स्वरांतराचं गुणोत्तर आहे 81/80. आता गंमत पाहा. तबकडीचं भोक एका मिलिमीटरनं सरकलेलं असेल, तर मध्यापासून 80 मिलिमीटरवर स्वर दर फेऱ्याला ऐंशीव्या हिश्श्यानं वर आणि तेवढाच खाली जातो. म्हणजे जवळजवळ नेमकी एक प्रमाणश्रुती! देवलांनी मोजलेलं अंतर एका वाकड्या भोकात सापडतं.

खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 मध्ये गेले आणि मिरजेतच विसावले. 1930 च्या दशकात त्यांनी ओडियनसाठी गायलेल्या लाखेच्या तबकड्या कुणाकडे असतील, तर त्यांच्यावर एलपीची सुई कृपा करून टेकवू नये. त्या खाचा तिपटीनं रुंद आहेत. एलपीची सुई तळाशी घसरते आणि नुसती खरखर वाचते. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या या तबकड्यांसाठी सुमारे 0.07 मिलिमीटर त्रिज्येची वेगळी सुई मिळते. ती बसवायची, भार थोडा वाढवायचा, कागदावर पुन्हा दोन ठिपके जुळवायचे. मग झिंझोटीतली त्यांची ठुमरी लावायची. तीन मिनिटांत तबकडी संपते, पण शेवटच्या इंचात तो बारीक, टोकदार स्वर न फाटता लागला की मागे लागलेल्या तंबोऱ्याची जवारीही कानावर येते.