जवानाचा अर्ज



विश्रांतवाडीच्या एका अंगाला खडकीची छावणी आहे, दुसऱ्या अंगाला दिघी. आपल्या आळंदी रस्त्याने रोज दोन प्रकारची माणसे कामावर जातात. एक दारूगोळा कारखान्यातला कामगार आणि दुसरा फौजेतला जवान. दोघांचाही धनी अखेर सरकारच. पण गाऱ्हाणे निघाले की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. कामगाराच्या पाठीशी युनियन असते. संरक्षण कामगारांच्या अखिल भारतीय फेडरेशनची कचेरीही खडकीतच आहे आणि त्या वास्तूला एस. एम. जोशींचे नाव आहे. जवानाला मात्र युनियन नाही, मोर्चा नाही, संपही नाही. त्याच्या हाती एकच हत्यार आहे, ते म्हणजे अर्ज. ते कसे चालते, हे आज पाहायचे आहे.

युनियन का नाही, हे आधी समजून घेऊ. घटनेच्या ३३ व्या कलमाने सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. त्यानुसार १९५० च्या सेना कायद्याचे २१ वे कलम आले. संघटनेत सामील होणे, राजकीय सभांना जाणे, वृत्तपत्रांकडे मजकूर धाडणे, यांवर बंधने आली. ज्याच्या हाती बंदूक आहे, त्याने जमावाने मागणे मागू नये, हा त्यामागचा विचार. तो पटण्यासारखा आहे. परंतु संपाचा हक्क काढून घेणाऱ्यावर एक कर्ज चढते: एकट्या माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याचे.

हे कर्ज फेडले नाही तर काय होते, ते मुंबईने १९४६ साली पाहिले. कुलाब्याच्या ‘तलवार’ या नाविक केंद्रात जेवण निकृष्ट होते आणि गोऱ्या कमांडरची भाषा अपमानाची होती. काही खलाशांनी नियमाप्रमाणे, प्रत्येकाने वेगवेगळी, लेखी तक्रार केली. तिचे निवारण झाले नाही. १८ फेब्रुवारीला खलाशांनी काम बंद केले आणि बघताबघता वणवा ७८ जहाजांवर पसरला. २२ तारखेला मुंबईचा कामगार त्यांच्या पाठिंब्याला रस्त्यावर उतरला. गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. २३ तारखेला खलाशांनी शरणागती पत्करली. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगालाही असंतोषाच्या मुळाशी सेवेतली न सोडवलेली गाऱ्हाणी दिसली. अर्ज दाबला गेला, की गाऱ्हाणे दुसरी वाट शोधते.

आता आजची रीत पाहू. साधी मागणी असेल, म्हणजे रजा, घरच्या अडचणीसाठी जवळची बदली, गावच्या जमिनीच्या तंट्यात मदत, तर जवान प्रथम आपल्या कंपनीतल्या सुभेदार साहेबांना सांगतो. तेथून ती कंपनी कमांडरकडे जाते आणि गरज पडली तर कमांडिंग ऑफिसरपुढे. फौजेत याला ‘अर्जी’ म्हणतात. सर्वांसमक्ष बोलण्यासाठी सैनिक संमेलन असते, त्यालाच दरबार म्हणतात. जमिनीच्या प्रकरणात कमांडिंग ऑफिसर जिल्हाधिकाऱ्याला पत्र लिहू शकतो, आणि त्या पत्राला गावात वजन असते.

अन्याय झाला असेल तर पायरी वेगळी. सेना कायद्याचे २६ वे कलम म्हणते की, वरिष्ठाने आपल्यावर अन्याय केला असे ज्या जवानाला वाटते, त्याने आपल्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. तक्रार त्याच अधिकाऱ्याविरुद्ध असेल, तर त्याच्या वरच्याकडे करावी. तक्रार मिळालेल्या अधिकाऱ्याने शक्य तितकी पूर्ण चौकशी केली पाहिजे किंवा ती वर पाठवली पाहिजे. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. येथे कायदा अधिकाऱ्याला मेहेरबानी करायला सांगत नाही, कर्तव्य सांगतो. ही वाट लष्करप्रमुखापर्यंत जाते आणि त्याचा निर्णयही केंद्र सरकार बदलू शकते. अधिकाऱ्यांच्या तक्रारींसाठी २७ वे कलम निराळे आहे.

अर्ज लिहावा कसा? वर आपला नंबर, हुद्दा, नाव, युनिट. मग घटना, तारीखवार. मग कोणता हुकूम आपल्याला अन्यायाचा वाटतो ते. शेवटी नेमके काय हवे ते, एका वाक्यात. कागदपत्रांच्या नकला जोडाव्यात, सही करावी, तारीख घालावी, एक प्रत आणि पोच जवळ ठेवावी. शिव्याशाप नकोत, ऐकीव गोष्टी नकोत. चार जणांनी मिळून एका कागदावर सह्या करू नयेत; गाऱ्हाणे चौघांचे असले तरी अर्ज चार झाले पाहिजेत. निनावी पत्र लिहू नये, पुढाऱ्याची चिठ्ठी आणू नये. घरच्या माणसांना काही सांगायचे असेल तर त्यांनी सरळ कमांडिंग ऑफिसरला लिहावे.

आणखी एक सावधगिरी. तक्रारीत कोणाच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे लिहिले, किंवा महत्त्वाची गोष्ट मुद्दाम लपवली, तर ५६ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यामुळे भिऊन गप्प बसण्याचे कारण नाही. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. पण प्रत्येक शब्दामागे आधार असावा, हे मात्र खरे.

या व्यवस्थेतले वैगुण्यही सांगितले पाहिजे. २६ व्या कलमात उत्तराची मुदत नाही, आणि तक्रार ज्या साखळीविरुद्ध, तिच्यातूनच ती वर चढते. ही उणीव काही अंशी २००७ च्या कायद्याने भरून काढली. त्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले, आणि महाराष्ट्रासाठी त्याचे पीठ मुंबईला आहे. आधी खात्यातली वाट चालावी लागते. परंतु अर्जावर सहा महिने निकालच झाला नाही, तर ती वाट संपली असे धरून न्यायाधिकरणाकडे जाता येते. आणि सहा महिने मोजायला तारीख लागते. म्हणून ती पोच जपून ठेवायची.

युनियनच्या कामात एक गोष्ट शिकायला मिळते: तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते, लिहिलेले टेबलावर राहते. कामगाराच्या लेखी मागणीमागे हजार माणसे उभी असतात. जवानाच्या अर्जामागे फक्त त्याची सही असते. म्हणूनच तो अर्ज अधिक काळजीने लिहिला पाहिजे, आणि घेणाऱ्याने अधिक काळजीने वाचला पाहिजे. आपल्यापैकी अनेकांच्या घरचा मुलगा, भाऊ, जावई फौजेत आहे. तो सुट्टीवर आला आणि काही सलत असल्याचे बोलला, तर ‘सोसून घे’ एवढेच सांगून त्याला परत पाठवू नका. त्याच्यापुढे कोरा कागद ठेवा.