टर्बो कुठे निवतो?

टर्बो गाडी थांबल्याबरोबर बंद करू नये, दोन मिनिटे तशीच चालू ठेवावी, हा सल्ला अंधेरी-बोरिवलीच्या गॅरेजांत आणि घाटकोपर-मुलुंडच्या वाहनतळांवर इतक्यांदा कानावर पडतो की त्याला आता सोवळ्याचे पावित्र्य आले आहे. पाळणारा कारण विचारत नाही. न पाळणाऱ्याला टोचणी लागून राहते. या टोचणीवर इलाज म्हणून बाजारात एक छोटी डबी मिळते, टर्बो टायमर. चावी काढली, दार लावले, मालक घरी गेला, तरी ही डबी इंजिन अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंत चालू ठेवते आणि मग आपणच बंद करते. आमच्या मुलुंडच्या इमारतीतल्या एका शेजाऱ्याने नव्या टर्बो पेट्रोल गाडीला ती बसवायचे ठरवले, आणि माझे आयुष्य यंत्रशास्त्र शिकवण्यात गेलेले असल्याने मत विचारले. 'नको' एवढे म्हणून भागले असते. पण गॅरेजवाल्याचा सल्ला मुळात खोटा नाही आणि तरीही डबी बिनकामाची आहे, हे एका शब्दात सांगता येत नाही.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आठवा. तिचे इंजिन 1089 सीसीचे आणि ताकद सुमारे 40 अश्वशक्ती. 2019 साली आलेल्या ह्युंदाई व्हेन्यूच्या टर्बो पेट्रोल इंजिनाचा आकार 998 सीसी, म्हणजे पद्मिनीहूनही लहान, आणि ताकद सुमारे 120. या तिपटीत इंधन आत फवारण्याच्या नव्या तंत्राचा आणि संगणकाचा वाटा आहेच, पण मोठा वाटा टर्बोचा. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या गरम वायूच्या झोतावर एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवायचे आणि त्याने इंजिनात जादा हवा कोंबायची. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते आणि ताकद वाढते. 1918 मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे इंजिन पाइक्स पीक या सुमारे 14,000 फूट उंचीच्या डोंगरावर नेऊन विरळ हवेतही टर्बोमुळे ताकद टिकते हे दाखवले. पुढे जहाजे, रेल्वेची डिझेल इंजिने, ट्रक असा प्रवास करत टर्बो 1962 मध्ये अमेरिकी मोटारींत आला. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या दारात तो आणला तो मुख्यतः टाटा सफारी, स्कॉर्पिओ आणि नंतर स्विफ्टसारख्या डिझेल गाड्यांनी. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 निकष लागू झाले, छोट्या डिझेल गाड्या मागे पडल्या आणि टर्बो पेट्रोल गाड्यांची संख्या वाढली.

आता तापण्याचा मुद्दा. जोरात चालणाऱ्या पेट्रोल इंजिनातून टर्बोकडे येणारा वायू 900 अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकतो. डिझेलचा वायू त्या मानाने थंड असतो. चक्रे मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतात. एवढ्या वेगाने फिरणारा दांडा धातूच्या आधारावर घासून चालत नाही, इंजिनाच्या तेलाच्या पातळ थरावर तो तरंगतो. तेल पंप पुरवतो आणि पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद केले की तेल थांबले. चक्रे काही क्षण स्वतःच्या जोरावर फिरून थांबतात. ते फारसे चिंतेचे नाही. खरा त्रास त्यानंतर होतो. गॅस बंद केल्यावरही बिडाचा तवा बराच वेळ गरम राहतो, तशी टर्बोची बाहेरची जाड घडण तापलेली असते आणि तिची उष्णता दांड्याकडे, त्याच्याभोवती राहिलेल्या थोड्याशा तेलाकडे सरकते. इंजिन चालू असताना ही उष्णता वाहते तेल घेऊन जात होते. आता नेणारे कोणी नाही.

मग काय होते, ते दिवाळीत स्वयंपाकघर पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. चकल्या तळून झाल्यावर कढईच्या काठाला जो तपकिरी, चिवट थर बसतो, तसा थर टर्बोच्या आत बसतो. एका वेळी तो नगण्य असतो. पण वर्षानुवर्षे साचला की तेलाचे बारीक मार्ग अरुंद होतात, दांड्याला तेल अपुरे पडते, आधार झिजतो आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो. टर्बो बदलण्याचे बिल नोकरदार माणसाचे महिन्याचे गणित बिघडवते. तेव्हा गॅरेजवाल्यांची भीती काल्पनिक नाही. जुन्या टर्बोला थंडावा फक्त तेलाचाच असे, आणि तेलही बहुधा साधे खनिज. जपानमध्ये 1980-90च्या दशकांत वेगवान गाड्यांचे शौकीन हौसेने टायमर लावत, त्याला तेव्हा अर्थ होता.

मधल्या काळात टर्बो बदलला. सल्ला मात्र होता तिथेच राहिला. 1980च्या दशकापासून दांड्याभोवतीच्या भागात पाणी खेळवण्याची सोय होऊ लागली. आजच्या टर्बो पेट्रोल गाड्यांत ती जवळजवळ सार्वत्रिक आहे. इंजिन बंद झाल्यावरही तापलेले पाणी नळीतून वर चढते, थंड पाणी त्याच्या जागी येते आणि टर्बोतली उष्णता हळूहळू बाहेर पडते. अनेक गाड्यांत, उदाहरणार्थ फोक्सवॅगनच्या टीएसआय इंजिनांत, यासाठी विजेवर चालणारा छोटा पंपच दिलेला असतो. गाडी लॉक करून चार पावले गेल्यावर पुढून घरघर ऐकू आली की काही जण घाबरून परत येतात. तो बिघाड नसतो, कारखान्यातून आलेला टायमरच असतो. फरक इतका की तो इंजिन चालवत नाही, फक्त पाणी आणि पंखा. शिवाय लिंक रोडच्या सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय आज कितीतरी टर्बो गाड्यांत कंपनीच बसवून देते. दर सिग्नलला टर्बो करपत असता, तर वॉरंटी देणाऱ्या कंपनीने ती सोय दिली नसती.

तरीही एक शंका उरते आणि तिचे उत्तर मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. टर्बो किती तापला आहे, हे गाडी किती वेळ चालली यावर ठरत नाही, शेवटच्या काही मिनिटांत इंजिनाने किती ओझे ओढले यावर ठरते. पुण्याकडे जाताना बोरघाट चढून लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानासमोर थांबलात, किंवा नाशिकच्या वाटेवर कसारा घाट चढून लगेच इगतपुरीत चहाला उतरलात, तर गाडी सुमारे 600 मीटर उंचीवर नुकतीच भरल्या ओझ्याने आलेली असते. टर्बो खरोखर तापलेला असतो. तीच गाडी परतताना तोच घाट उतरून पायथ्याशी थांबली, तर उतारावर इंजिनाने काहीच ओढलेले नसते आणि टर्बो निवांत असतो. वेग सारखा, गाडी सारखी, उत्तर उलटे. टायमरच्या साध्या डबीला हा फरक कळत नाही. ती दोन्ही ठिकाणी तितकाच वेळ इंजिन चालवणार.

उपनगरात तर ती निव्वळ विनोदी ठरते. पूर्व द्रुतगती मार्गावरून मुलुंडला वळलो की सिग्नल, रिक्षा, भाजीच्या गाड्या, गतिरोधक, मग सोसायटीचे फाटक आणि जागा शोधत घातलेली एक फेरी. पश्चिमेला अंधेरीच्या एस. व्ही. रोडवर याहून वेगळे काय घडते? या सगळ्या वेळात इंजिन जेमतेम कामावर असते, तेल आणि पाणी मात्र वाहत असते. म्हणजे टायमरचे काम रस्त्यानेच केलेले असते. वाहतूक कोंडीचा एवढा एक फायदा मला आजवर सापडला आहे.

उरला प्रश्न डबी लावून तोटा काय हा. तोटे आहेत, आणि ते टर्बोच्या तोट्याहून गंभीर आहेत. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 126 सांगते की सार्वजनिक जागी उभ्या वाहनात चालकाच्या आसनावर परवानाधारक माणूस हवा, नाही तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा वाहन आपोआप हलणार नाही अशी तजवीज हवी. रस्त्याकडेला माणसाविना धडधडणारी गाडी या कलमाच्या भावनेला धरून नाही. घाटकोपरच्या असल्फ्याकडच्या चढावर शहाणा चालक गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करतो. टायमर लावल्यावर गिअरवाली गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी लागते आणि सगळा भार एकट्या हँडब्रेकवर येतो. तळघरात इंजिन चालू राहिले की कार्बन मोनॉक्साइड साचण्याची धास्ती आलीच. आणि आमच्यासारख्या पुनर्विकसित इमारतींत गाड्या लोखंडी पाळण्यांवर एकावर एक चढतात. बिनमाणसाची, चालू इंजिनाची, न्यूट्रलमधली गाडी अशा पाळण्यावर वर जात असल्याची कल्पना करून पाहा. शेजाऱ्याला मी बाकी काही न सांगता फक्त पाळण्याकडे बोट दाखवले. शिवाय नव्या गाडीची तार कापून डबी जोडली की वॉरंटीवरून वाद ओढवतो, तो वेगळाच.

पेट्रोल पंपाचा विचार केला की सल्ल्यातली दुसरी अडचणही दिसते. तिथे इंजिन ताबडतोब बंद करावे लागते, दोन मिनिटे थांबायची मुभाच नाही. म्हणून घाट चढल्यावर किंवा महामार्गावर जोरात आल्यावर शेवटचे एक-दोन किलोमीटर पाय हलका ठेवून चालवणे हा उपाय जागेवर उभे राहून इंजिन घुरघुरवण्यापेक्षा सरस आहे. त्यात टर्बोला थंड वायू मिळतो, रेडिएटरला वाहती हवा मिळते आणि वेळही वाया जात नाही. ते जमलेच नाही, तर घाटमाथ्यावर आसनावर बसूनच अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवावे. पाणी नसलेल्या टर्बोच्या जुन्या डिझेल गाडीला ही सवय अवश्य हवी. मालक-पुस्तिकेत काही वेगळे लिहिले असेल तर तेच पाळावे.

डबीचे पैसे वाचले तर ते तेलात घालावेत, असे मी शेजाऱ्याला सुचवले. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल घ्यावे आणि बदल किलोमीटरवर न सोडता महिन्यांवर मोजावा. मुलुंड ते अंधेरी रोज जाणाऱ्या गाडीचे किलोमीटर थोडेच पडतात, पण पवईच्या रांगेत इंजिन तासन् तास चालते आणि तेल तितके तास जुने होत असते. त्याने तेल बदलल्याची तारीख आता डॅशबोर्डवर चिकटवून ठेवली आहे.