ड्रायव्हर : कार्ड आणि संगणक यांच्यातला दुभाषी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. युरोपातील घरगुती ग्राहकांना सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी आणखी एक वर्ष मिळाले खरे, पण जुन्या प्रोसेसरचे असंख्य संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत ते नाहीतच. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या तळघरात असा एखादा धडधाकट लॅपटॉप पडून असेल. तो वेर्टस्टॉफहोफमध्ये टाकण्याऐवजी त्यावर लिनक्स घालावे, मुलांच्या अभ्यासाला किंवा भारतातून आलेल्या आई-वडिलांना तो वापरता यावा, असा विचार अनेक जण करतात. लिनक्स बसतेही. मात्र वायफायची यादी रिकामी दिसते. मग ‘कार्ड गेले’ असा निकाल लागतो आणि लॅपटॉपची पुन्हा तळघरात रवानगी होते.

वाचकहो, अशा वेळी कार्ड सहसा गेलेले नसते. त्याची भाषा समजणारा कोणी तिथे हजर नसतो, एवढेच. त्या दुभाष्याचे नाव ड्रायव्हर.

प्रत्येक नेटवर्क कार्डात दोन क्रमांक कोरलेले असतात : एक उत्पादकाचा, दुसरा त्या विशिष्ट मॉडेलचा. इंटेलचा उत्पादक-क्रमांक ८०८६ आहे; जुन्या प्रोसेसरची आठवण असणाऱ्यांना गंमत वाटेल. संगणक सुरू होताना लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, हे क्रमांक वाचतो, आपल्याजवळच्या यादीत शोधतो आणि जुळेल तो ड्रायव्हर कामाला लावतो. बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, त्यामुळे सीडी शोधत बसावे लागत नाही. गाडी अडते ती प्रामुख्याने तीन ठिकाणी.

पहिले ठिकाण म्हणजे ड्रायव्हर लिहिलेलाच नसणे. कार्डाला कोणती आज्ञा कशी द्यायची, हे उत्पादकाने सांगितले नाही तर ड्रायव्हर लिहिणार कसा? ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. २००५ च्या सुमारास काही स्वयंसेवकांनी ब्रॉडकॉमचा बंद ड्रायव्हर तपासून त्या चिपांचे वर्णन कागदावर उतरवले. दुसऱ्या गटाने केवळ ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. नकलेचा आरोप येऊ नये म्हणून हे दोन गट मुद्दाम वेगळे ठेवले होते. लिहिणाऱ्यांत मिखाएल ब्यूश हे एक प्रमुख नाव. २००६ साली हा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. ब्रॉडकॉमने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१० च्या सप्टेंबरात, आणि तोही तेव्हाच्या नव्या चिपांसाठी.

दुसरे ठिकाण फर्मवेअरचे. आजच्या वायफाय कार्डात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला स्वतःचा प्रोग्राम लागतो. तो बहुधा कार्डात कायमचा साठवलेला नसतो. दर वेळी ड्रायव्हरने फाइलमधून कार्डात चढवायचा असतो. म्हणजे दुभाषी हजर आहे, पण समोरचा अजून जागाच झालेला नाही. या फाइली खुल्या नसतात, म्हणून डेबियनसारखा तत्त्वनिष्ठ प्रकल्प त्या मुख्य प्रतीत ठेवत नसे. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हा नियम बदलला, आणि जून २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून त्या अधिकृत प्रतीत मिळू लागल्या. मात्र जुन्या पेन ड्राइव्हवरची जुनी प्रत वापरणाऱ्याला हा अडथळा अजूनही भेटतो.

म्हणून तपासणी क्रमाने करावी. आधी लॅन केबलने किंवा मोबाइल यूएसबीने जोडून तात्पुरते इंटरनेट मिळवावे. वायफायचे बटण किंवा ‘विमान मोड’ चालू राहिलेला नाही ना, ते पाहावे. मग टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली की आतल्या कार्डांची यादी मिळते. यूएसबीच्या कार्डांसाठी ‘एलएसयूएसबी’. एलएसपीसीआयपुढे उणे चिन्ह आणि एन, एन, के ही छोटी अक्षरे जोडली की दोन्ही क्रमांक आणि जोडलेला ड्रायव्हरही दिसतो. ड्रायव्हर दिसतो पण वायफाय नाही, अशी स्थिती असेल तर ‘डीमेसेज’ म्हणून ओळखली जाणारी कर्नलची नोंदवही वाचावी. फर्मवेअर सापडले नसेल तर हव्या त्या फाइलचे नाव तिथे लिहिलेले असते. त्या नावाचे पॅकेज बसवून संगणक पुन्हा सुरू केला की काम बहुधा होते. ड्रायव्हरच जोडलेला नसेल तर नवे कर्नल वापरून पाहावे. बाहेरून आणलेला ड्रायव्हर घालायची वेळ आली, तर सिक्युअर बूट त्याला स्वाक्षरीअभावी रोखू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरे ठिकाण कायद्याचे आहे, आणि आपल्यासारख्या देशोदेशी फिरणाऱ्या कुटुंबांना ते हमखास गाठते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात जर्मनीत १३ चॅनेल वापरता येतात. अमेरिकेत विकलेली उपकरणे बहुधा ११ वरच थांबतात. तिकडून आणलेल्या लॅपटॉपच्या कार्डात अमेरिकेचा नियम कोरलेला असेल, तर १३ व्या चॅनेलवरचे आपल्या घरचे नेटवर्क त्याला दिसणारच नाही. लिनक्समध्ये देश ‘डीई’ असा सांगता येतो, पण त्याने कार्डात कोरलेला नियम सैल होत नाही. अशा वेळी राउटरचा चॅनेल १ ते ११ मध्ये आणणे हा सरळ उपाय. ५ गिगाहर्ट्‌झला नियम अधिक कडक आहेत : १२० ते १२८ या चॅनेलांवर हवामानखात्याची रडारे चालतात, म्हणून तिथे प्रक्षेपण सुरू करण्यापूर्वी राउटरला दहा मिनिटे नुसते ऐकत बसावे लागते.

ड्रायव्हर किंवा फर्मवेअर खुले न करण्यासाठी उत्पादक पुष्कळदा याच नियमांकडे बोट दाखवतात : कोणीही बदल केला तर कायदा कसा पाळला जाणार? या प्रश्नाचे एक उत्तर जर्मनीतच मिळाले होते. नव्वदच्या दशकात इथल्या अनेक घरांत आयएसडीएन होते, ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्यांचे. सार्वजनिक टेलिफोन जाळ्याला काहीही जोडायचे तर मान्यता लागे. कार्स्टेन काइल यांनी लिनक्ससाठी लिहिलेल्या ‘हायसॅक्स’ या ड्रायव्हरने एल्सासारख्या काही कार्डांसोबत ती मिळवली. मान्यता ठरावीक कार्ड आणि ठरावीक आवृत्ती यांच्या जोडीलाच होती. ड्रायव्हरचा मजकूर कोणीही वाचावा, बदलावा. पण मान्यताप्राप्त फाइलींच्या ठशांवर डिजिटल स्वाक्षरी होती. बदल केलेला असल्यास मान्यता लागू नाही, अशी सूचना संगणक सुरू होतानाच पडद्यावर येत असे. ज्ञान खुले राहिले आणि जबाबदारीही स्पष्ट राहिली. आयएसडीएनचे दिवस गेले, २०१९ मध्ये हायसॅक्सही कर्नलमधून निघाला; त्याने दाखवलेली वाट मात्र आजही चालण्याजोगी आहे.

असो. व्यवहाराचे सांगायचे तर दोन गोष्टी पुरेत. जुना लॅपटॉप टाकण्यापूर्वी लिनक्सची ताजी प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि काहीही न पुसता त्यावरूनच चालवून पाहावी; वायफाय दिसते की नाही ते पाच मिनिटांत कळते. आणि नवे यूएसबी कार्ड घ्यायचे झाल्यास खोक्यावरच्या नावापेक्षा आतली चिप कोणती आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का, हे विचारावे. एकाच नावाच्या खोक्यात वर्षभराने वेगळी चिप निघू शकते.

यंत्र किती वर्षे चालेल, हे त्याच्या धातूइतकेच त्याविषयीचे ज्ञान किती जणांकडे आहे, यावर अवलंबून असते. ज्या कार्डाची भाषा फक्त उत्पादकालाच ठाऊक, त्याचे आयुष्य उत्पादकाचा रस संपेपर्यंतच. ज्याची भाषा चारचौघांना येते, ते त्यानंतरही कोणाच्या तरी घरी बोलत राहते.