विमानातील दोन चित्रे : मेघांचे आणि डोंगरांचे

जोगेश्वरीच्या पूर्वेस वेरावली येथे भारतीय हवामानशास्त्र विभागाचे डॉप्लर रडार जानेवारी २०२२ मध्ये कार्यान्वित झाले. त्याच्या दक्षिणेस काही किलोमीटरांवर सांताक्रूझचा विमानतळ आहे. तेथे उतरणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानांच्या नासाग्रातही एक लहान रडार बसविलेले असते. वैमानिकासमोरील पडद्यावर या रडारचे चित्र उमटते. त्याच पडद्यावर दुसरे एक चित्रही आणता येते, ते भूप्रदेशाचे. दोन्ही चित्रे हिरव्या, पिवळ्या व लाल रंगांत रेखाटलेली असतात. रंग समान असले तरी त्यांचा अर्थ समान नाही, आणि हा भेद नीट न उमगल्यास सिम्युलेटरमधील, म्हणजे जमिनीवर उभारलेल्या कृत्रिम वैमानिक-कक्षातील, शिक्षण अपुरेच नव्हे तर घातकही ठरू शकते.

प्रथम हवामान-रडारचा विचार करू. हे यंत्र सूक्ष्मतरंगांची शलाका पुढे सोडते आणि जलबिंदूंवरून परतलेल्या तरंगांची तीव्रता मोजते. कुलाब्याच्या रडारची तरंगलांबी सुमारे १० सेंटिमीटर, वेरावलीच्या रडारची सुमारे ५, तर विमानातील रडारची सुमारे ३ सेंटिमीटर असते. विमानाच्या नाकात मोठी अँटेना मावत नाही, आणि लहान अँटेनेतून पुरेशी अरुंद शलाका मिळवावयाची तर तरंगलांबी कमी ठेवणे भाग पडते. तथापि या सोयीची किंमत द्यावी लागते. तरंगलांबी जितकी कमी, तितके पावसात तरंगांचे शोषण व विकिरण अधिक. त्यामुळे मुसळधार पावसाच्या पट्ट्यापलीकडे उभा असलेला प्रचंड मेघ पडद्यावर फिका दिसतो किंवा मुळीच दिसत नाही. काही आधुनिक रडारे अशा वेळी पडद्याच्या कडेला इशारा देतात. परंतु सर्वसाधारणपणे पडद्यावरील काळा भाग म्हणजे निरभ्र आकाश असे मानता येत नाही. तेथून काहीही परत आले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

परावर्तनाची तीव्रता थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब एक मिलिमीटरच्या थेंबाच्या ६४ पट प्रतिध्वनी देतो. याउलट कोरडा बर्फ तेवढ्याच आकाराच्या जलबिंदूच्या सुमारे एकपंचमांशच परावर्तन करतो. म्हणून गडगडाटी मेघाचा हिममय माथा पडद्यावर सौम्य भासतो, आणि विमाने तर बहुधा त्याच उंचीवरून जातात. यात शलाकेच्या कलाचीही भर पडते. साडेतीन अंश रुंदीची शलाका १०० किलोमीटर अंतरावर सुमारे ६ किलोमीटर जाडीची होते. अँटेनेचा कल थोडा वर केला तर ती मेघाच्या जलमय भागावरून निघून जाते. थोडा खाली केला तर जमीनच मेघासारखी लाल दिसू लागते.

भूप्रदेशाच्या चित्राची जात अगदी निराळी आहे. त्यासाठी पुढे कोणताही तरंग सोडला जात नाही. यंत्राच्या स्मृतीत पृथ्वीपृष्ठाच्या उंचीचे कोष्टक साठविलेले असते. विमानाचे स्थान आणि उंची यांच्याशी त्याची तुलना करून रंग भरले जातात. विमानाहून सुमारे २,००० फुटांपेक्षा अधिक उंच भूमी लाल, विमानाच्या पातळीजवळची पिवळी, त्याखालची हिरवी आणि पुष्कळच खाली असलेली काळी, अशी सामान्य योजना असते. अर्थात हे चित्र 'समोर काय आहे' हे सांगत नाही. 'आपण जेथे आहोत असे यंत्र समजते, तेथे समोर काय असावे' एवढेच सांगते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही, हे जुन्नरजवळील अपघातावरून ध्यानात येईल. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर, ऐन पावसाळ्यात, बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नर परिसरातील डोंगरावर सुमारे ३,६०० फूट उंचीवर आदळले आणि आतील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. आपण मुंबईच्या अधिक जवळ पोहोचलो आहोत अशा समजुतीने वैमानिकांनी अकाली उतरण आरंभली, असा चौकशीचा निष्कर्ष होता. त्या काळी भूप्रदेश-चित्र अस्तित्वात नव्हते. १९७० च्या दशकातील इशारायंत्र मुख्यतः विमानाच्या थेट खालील भूमीचे अंतर मोजत असे. समोरच्या उभ्या कड्याची सूचना त्याच्याकडून उशिरा मिळे. साठविलेल्या नकाशावर आधारलेले यंत्र १९९० च्या दशकात आले. उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थानामुळे १९६२ सारखी चूक त्याने उघड केली असती, हे खरे. परंतु उपग्रहांचे संकेतच कोणी बिघडविले, तर निर्दोष नकाशाही चुकीच्या जागी मांडला जाईल.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. पावसाळ्यात जेथे डोंगर, तेथेच मेघ. अनेक विमानांत एका पडद्यावर एका वेळी यांपैकी एकच चित्र घेता येते. म्हणून एका वैमानिकाने मेघांचे व दुसऱ्याने डोंगरांचे चित्र ठेवावे अशी पद्धत पडली आहे. रडारवरील लाल ठसा मेघाचा की कड्याचा, याचा निर्णय कल बदलून करता येतो. कल वर नेताच डोंगराचा ठसा लोपतो, उंच मेघाचा टिकून राहतो.

आता सिम्युलेटरकडे वळू. तेथे दोन्ही चित्रे गणनेतूनच निर्माण होतात. भूप्रदेशाच्या बाबतीत यामुळे फारसे बिघडत नाही, कारण प्रत्यक्ष विमानातही ते चित्र साठविलेल्या माहितीतूनच घडते. रडारची गोष्ट वेगळी. संगणकाला कृत्रिम मेघाचे स्थान पूर्णपणे ठाऊक असते. तो मेघ जसाच्या तसा रंगवून दाखविणे त्याला सर्वांत सोपे. परंतु असे रडार पहिल्या मेघाआडचा दुसरा मेघही दाखवील आणि कल कसाही ठेवला तरी चित्र बदलणार नाही. अशा यंत्रावर शिकलेला वैमानिक काळ्या भागाला मोकळी वाट समजू लागेल.

म्हणून सिम्युलेटरची परीक्षा तीन प्रकारे घ्यावी. तीव्र पावसामागे दुसरा मेघ ठेवल्यास तो झाकला जातो काय? कल खाली आणल्यास जमीन उमटते काय? आणि स्थानात हेतुपुरस्सर चूक घातल्यास भूप्रदेशाचे चित्रही तितकेच सरकते काय? या तिन्ही कसोट्यांना उतरणारा सिम्युलेटरच विद्यार्थ्यास चित्रावर विश्वास केव्हा ठेवावा आणि केव्हा ठेवू नये हे शिकवू शकतो. यंत्राच्या मर्यादांचेही यथातथ्य अनुकरण झाले पाहिजे. कारण जुन्नरच्या डोंगरासारख्या ठिकाणी त्या मर्यादा शिकण्यास दुसरी संधी मिळत नाही.