हळद : तिचा रंग व तिचा गुण

हळद माहीत नाहीं असें घर आपल्या प्रांतांत शोधूनहि सांपडणार नाहीं. मुलाच्या गुडघ्यास खरचटलें तर आजी हळद दाबते, घसा धरला तर दुधांत हळद घालून देते. आपला जत तालुका कोरडवाहू, आणि हळदीस तर पाणी भरपूर लागतें; म्हणून ती कृष्णाकांठच्या मळ्यांत पिकते व सांगलीच्या पेठेंत येते. सांगलीजवळील हरिपूर गांवीं जमिनींत खोल पेवें खणून त्यांत हळद सांठवीत असत. २००५ सालच्या महापुरांत त्यांपैकीं पुष्कळ पेवें निकामी झालीं. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें. अशा या घरच्या वस्तूंत औषधी गुण खरोखर किती, हें पाहणें अगत्याचें आहे.

हळदीचा पिवळा रंग मुख्यतः ज्या द्रव्यामुळें येतो त्यास कर्क्युमिन म्हणतात. १८१५ सालीं व्होगेल व पेल्तिए यांनीं तें वेगळें काढलें. त्याची रचना मात्र १९१० सालीं उलगडली. दोन कड्या व त्यांस जोडणारी सात कर्बाणूंची सांखळी, असा त्याच्या रेणूचा सांगाडा आहे. प्रत्येक कडीवर मेथॉक्सी नांवाचा एकेक अणुसमूह असतो. त्यांतील एक नसला कीं दुसरा रेणु होतो, दोन्ही नसले कीं तिसरा. हे तिघे भाऊबंद हळदींत एकत्रच नांदतात व मिळून तिच्या वजनाच्या साधारणतः शेंकडा दोन ते पांच भरतात.

विद्यार्थ्यांनीं एक सोपा प्रयोग करून पाहावा. हळदीच्या पाण्यांत टीपकागद भिजवून वाळवावा व त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकावा. डाग तांबडा होईल. त्यावर लिंबू पिळतांच तो पुन्हां पिवळा दिसेल. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच धर्मावर आधारलेली आहे.

आतां गुणाकडे वळूं. प्रयोगशाळेंत कर्क्युमिन दाह कमी करतें व कित्येक जंतूंची वाढ रोखतें. परंतु कांचेच्या नळींत जें घडतें तें शरीरांत घडेलच असें नाहीं. चमचाभर हळदींत हें द्रव्य जेमतेम शंभर मिलिग्रॅम; तें पाण्यांत विरघळत नाहीं, आंतड्यांतून थोडेंच शोषलें जातें, आणि जें शोषलें जातें त्याचें यकृत लवकरच रूपांतर करून टाकतें. १९९८ सालीं बंगळूर येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यांतील पायपेरीन वीस मिलिग्रॅम दिल्यास त्याचा शरीरास होणारा लाभ वीसपट वाढतो. गुडघेदुखीवर कर्क्युमिननें आराम पडल्याचें कांहीं लहान चांचण्यांत आढळलें आहे. कर्करोग वा मधुमेह हळदीनें बरा होतो असें मात्र सिद्ध झालेलें नाहीं.

येथें सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. स्वयंपाकांतील हळद निर्धोक आहे. पण तिचा अर्क भरलेल्या गोळ्या, विशेषतः मिऱ्यांच्या अर्कासह, घेतल्यानें कांहीं लोकांच्या यकृतास इजा झाली आहे. ज्या युक्तीनें गुण वाढतो तिनेंच धोकाहि वाढतो. पित्ताशयांत खडे असणाऱ्यांनीं व रक्त पातळ करणारीं औषधें घेणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारल्याखेरीज त्या घेऊं नयेत. दुसरा धोका भेसळीचा. हळकुंडें पिवळींधमक दिसावींत म्हणून त्यांस लेड क्रोमेट चोळल्याचें बांगलादेशांत २०१९ सालीं उघडकीस आलें. त्यांतील शिसें मुलांच्या मेंदूस अपाय करतें. म्हणून डोळे दिपविणाऱ्या पिवळेपणास भुलूं नये.

हळदीनें जखम भरते या गोष्टीचें पेटंट अमेरिकेंत १९९५ सालीं दिलें गेलें होतें. गोव्यांत जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर हे तेव्हां वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेनें जुने ग्रंथ व लेख पुराव्यादाखल मांडून १९९७ सालीं तें रद्द करविलें. हा अभिमानाचाच प्रसंग होय. पण त्यांत सिद्ध झालें तें इतकेंच कीं, हें ज्ञान जुनें आहे. जुनें ज्ञान किती खरें, याची परीक्षा वेगळी असते आणि ती प्रयोगानेंच होते.

म्हणून पालकांस विनंति कीं, आजीच्या हळदीस घरांत मान असूं द्यावा. परंतु मातीनें माखलेल्या खोल जखमेवर केवळ हळद दाबून स्वस्थ बसूं नये. जखम स्वच्छ धुवून मुलास दवाखान्यांत न्यावें व धनुर्वाताची लस टोंचून घ्यावी. हळद आमटींत शोभते. लशीची जागा तिला घेतां येत नाहीं.