महागडी गाडी, कोकणची हवा : घरच्या घरी काय करावं आणि कुठे हात लावू नये

हातखंबा (ता. रत्नागिरी) : मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता जिथे भेटतात, त्या हातखंबा तिठ्यावर गणपती, शिमगा आणि मे महिन्यात मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडीसारख्या गाड्या हमखास दिसतात. काही चाकरमान्यांच्या असतात, काही गावातल्याच कुणीतरी सेकंड हँड घेतलेल्या. जुनी महागडी गाडी मूळ किमतीच्या निम्म्याहून कमी पैशात मिळून जाते. पण तिचा सुटा भाग घ्यायला गेलं की भाव नव्या गाडीचाच. त्यात कंपनीचं वर्कशॉप गाठायला बहुतेक वेळा मोठ्या शहरात जावं लागतं. म्हणून छोट्या दुर्लक्षातून मोठं बिल होऊ नये, हेच खरं राखायचं असतं.

कोकणात अशी गाडी पळून जेवढी खराब होत नाही, तेवढी उभी राहून होते. जांभ्याची तांबडी धूळ, समुद्राकडून येणारी खारी हवा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पडणारा पाऊस, हे तिचे तीन शत्रू. तिघांनाही घरच्या खळ्यात बऱ्यापैकी रोखता येतं.

धूळ पुसू नका, आधी भिजवा

महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम दहा वर्षांहून जास्त काळ रेंगाळलं. रस्त्याकडेच्या गावांना धूळ नवी नाही. पण जांभ्याच्या धुळीत बारीक कडक कण असतात. गाडीवर कोरडं फडकं मारलं की ते पॉलिश पेपरसारखे घासतात. उन्हात काळ्या गाडीवर जाळ्यासारखे गोल चरे दिसतात, ते बहुतेक असेच पडलेले असतात.

गाडी सावलीत, बॉनेट थंड असताना धुवा. आधी पाइपने नुसतं पाणी मारून धूळ उतरू द्या. मग दोन बादल्या घ्या. एकीत कार शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं गाडीवरून फिरवलं की आधी साध्या पाण्यात पिळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. म्हणजे निघालेली माती परत गाडीवर जात नाही. टपापासून सुरुवात करून खाली या. चाकांसाठी फडकं वेगळं ठेवा. शेवटी मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्याने पाणी टिपून घ्या.

भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नका. त्याने रंगावरचं वॅक्स निघून जातं. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल, तर तेही नको.

झाडाखाली गाडी लावली तर आंब्याचा, फणसाचा चीक पडतोच. तो नखाने खरवडू नका. फणस कापताना हाताला लावतो तसं थोडं खोबरेल तेल फडक्यावर घ्या, चिकावर काही मिनिटं ठेवा आणि सैल झाला की हलकेच पुसा. नंतर तो भाग शाम्पूने धुवा. पक्ष्यांची विष्ठा ओल्या फडक्याने भिजवून उचला. ती जितकी जास्त राहील तितका रंग खाते.

धुतल्यावरही पत्रा हाताला खरखरीत लागतो का, ते बघा. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून फिरवलं की लगेच कळतं. तसं असेल तर ‘क्ले बार’ नावाची मऊ वडी भरपूर शाम्पूच्या पाण्यासोबत हलक्या हाताने फिरवा. जमिनीवर पडलेली वडी परत वापरू नका. त्यानंतर वॅक्सचा पातळ हात द्या. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा पुरतो.

खारी हवा खालून खाते

आरे-वारे, गणपतीपुळे किंवा मांडवीला फिरून आलात, तर त्याच दिवशी गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुवा. चाकांच्या कमानी आणि दारांखालच्या पट्ट्या विसरू नका. गाडी वाळूत तर उतरवूच नका. प्रेशर पंपाने धुताना नळी जवळ धरू नका. दारांची रबरं, कॅमेरे, बंपरमधले सेन्सर यांवर थेट फवारा नको. इंजिनवर तर मुळीच नको.

पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर तांबूस थर येतो. चार-पाच ब्रेक लागले की तो निघतो. घाबरायचं कारण नाही. मात्र आवाज नंतरही राहिला, तर मेकॅनिकला दाखवा.

सर्वात महाग पडतो तो पातेरा

वायपरखालच्या खाचेत झाडाचा पातेरा साचतो. पाणी जायची वाट बंद झाली की ते आत शिरतं. सनरूफचंही तसंच आहे. त्याच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली गेलेल्या असतात. बऱ्याच महागड्या गाड्यांत बॅटरी किंवा इलेक्ट्रॉनिक डबे सीटखाली, गालिच्याखाली, डिकीच्या तळाशी असतात. तिथे पाणी पोचलं की एका नळीचं दुखणं हजारो-लाखोंच्या खर्चावर जातं.

उपाय मात्र फुकटचा आहे. मिरगाआधी पातेरा हाताने काढा. सनरूफ उघडून कोपऱ्यात कपभर पाणी हळूच ओता. ते चाकांजवळ खाली पडलं, तर वाट मोकळी आहे. नाही पडलं तर तार खुपसू नका, आतली नळी निसटते. त्यासाठी जाणकार माणूस लागतो. पावसाळ्यात आठवड्याला एकदा मॅट उचलून गालिचा हाताने चाचपा. ओला लागला तर लगेच शोध घ्या.

गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री बांधू नका. ओल आतच कोंडते आणि चामड्याच्या सीटवर बुरशी धरते. सीट किंचित ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. सीटला खोबरेल किंवा बूट पॉलिश लावू नका.

उभ्या गाडीची बॅटरी आणि उंदीर

या गाड्या बंद असतानाही थोडी थोडी वीज खातात. दहा मिनिटं जागेवर इंजिन चालू ठेवून बॅटरी नीट भरत नाही. हातखंब्याहून रत्नागिरीत जाऊन परत आलं की साधारण २५-३० किलोमीटर होतात. आठवड्याला अशी एक फेरी चांगली. बॅटरी बदलली की अनेक गाड्यांत तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते, हेही लक्षात ठेवा.

गाडी गवताच्या उडवीजवळ किंवा भाताच्या कणगीजवळ लावू नका. उंदीर वायरी कुरतडतात. शिवाय गरम सायलेन्सरखाली सुकं गवत असलं तर आगीचा धोका. बरेच दिवस उभी असेल, तर चालू करण्याआधी बॉनेट उघडून एक नजर टाका.

टायर, तेल आणि निळी टाकी

हवेचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोल-डिझेलच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. टायर थंड असताना हवा तपासा. टायरवरच्या चार आकड्यांत त्याचं वय असतं. ‘२३२२’ म्हणजे २०२२ सालातला २३वा आठवडा. अनेक महागड्या गाड्यांत स्टेपनीच नसते. लांब जाण्याआधी डिकी उघडून बघून घ्या.

काही गाड्यांत ऑइल बघायची कांडी नसते, पातळी स्क्रीनवर दिसते. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या दर्जाचंच घाला. कूलंटचं झाकण इंजिन गरम असताना उघडू नका.

बीएस-६ डिझेल गाड्यांत बहुतेक वेळा निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते. तिच्यात डीईएफ किंवा ॲडब्लू घालतात. ते ३२.५ टक्के शुद्ध युरियाचं द्रावण असतं. म्हणून शेतातला युरिया पाण्यात कालवून ओतू नका. खतातल्या अशुद्धीमुळे पूर्ण यंत्रणा बाद होऊ शकते. आणि हे द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत गेलं, तर गाडी चालूच करू नका.

इथे हात लावू नका

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. हवेवर चालणारं सस्पेन्शन असेल, तर जॅक लावण्याआधी मॅन्युअल वाचा, नाहीतर गाडी आपोआप उंची बदलू शकते. एअरबॅगच्या पिवळ्या वायरी आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी वायरी उघडायच्या नाहीत. केशरी वायरीत जिवावर बेतेल इतका दाब असतो.

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तर सवडीने पण नक्की दाखवा. ऑइल, ब्रेक किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर सुरक्षित जागा बघून गाडी तिथेच थांबवा. मोबाइलला जोडायचं स्वस्त स्कॅनर यंत्र दोषाचा कोड दाखवतं. तो कोड पुसायची घाई करू नका. स्क्रीनशॉट काढून मेकॅनिकला पाठवा. दुखणं कुठे आहे ते त्यावरून त्याला लवकर कळतं आणि तुमची एक फेरी वाचते.