माळव्याचा धडा आणि भांगेचा परवाना

भांगेच्या लागवडीला कायद्याने वाट करून द्यावी काय, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून डोके वर काढतो आणि तितक्याच लवकर गदारोळात बुडून जातो. नोव्हेंबर २०१९ मध्ये मध्य प्रदेशच्या तत्कालीन कमलनाथ सरकारने औषधी व औद्योगिक उपयोगासाठी अशी लागवड करू देण्याचा मनोदय जाहीर केला. राज्य नशेच्या खाईत लोटले जात असल्याची ओरड विरोधकांनी केली. मार्च २०२० मध्ये सरकारच गेले आणि घोषणाही मागे पडली. त्याच वर्षाच्या अखेरीस औषधी लागवडीचा प्रस्ताव विधी खात्यापर्यंत पोहोचला तेव्हा आपल्या गोव्यातही असेच वादळ उठले. दोन्ही ठिकाणी वाद रंगला तो नशेविषयी. ज्याच्या शेतात हे झाड उभे राहायचे, त्या शेतकऱ्याची आठवण फारशी कोणाला झाली नाही. ही चूक नवी नाही, हे इंदूरचा इतिहास सांगतो.

होळकरांची ही राजधानी एकोणिसाव्या शतकात माळव्याच्या अफूची मोठी पेठ होती. अफू पिके ती संस्थानांच्या हद्दीत. तेथे कंपनी सरकारचा हुकूम थेट चालत नसे. परंतु माल मुंबई बंदरातून चीनला धाडायचा तर इंग्रजी मुलूख ओलांडणे भाग होते. सरकारने नेमकी हीच नाडी धरली. इंदूरच्या अफू एजंटाकडे पेटीमागे शुल्क भरावे आणि परवाना घेऊन माल पुढे न्यावा, असा रिवाज पडला. १८४३ मध्ये सिंध खालसा झाला, कराचीची पळवाट बंद झाली, आणि पूर्वी सव्वाशे रुपये असलेले हे शुल्क १८४७ पर्यंत चारशे रुपयांवर गेले. सरकारची तिजोरी भरली, व्यापारी गबर झाले. इंदूरच्या शेठ हुकुमचंदांनी अफूच्या सट्ट्यात मिळविलेला पैसा पुढे कापडगिरण्यांत उतरला. बोंडाला चिरा देणाऱ्या शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र सावकाराची उचल आणि तिचे व्याज तेवढे राहिले. १९१३ मध्ये चीनची निर्यात थांबली तेव्हा या परवान्याचा काळही सरला.

जी गोष्ट अफूची, तीच गांजाची. इंदूरहून दक्षिणेस नर्मदा ओलांडली की निमाडातील खांडवा लागते. इंग्रजी अमलात मध्य प्रांतातील गांजाची लागवड या खांडवा तहसिलीपुरती मर्यादित ठेवलेली होती आणि पीक सरकारी देखरेखीखालील गुदामात जमा होई. १८९३-९४ च्या भांग-गांजा चौकशी आयोगाने देशभर ११९३ साक्षी नोंदविल्या आणि सरसकट बंदी न घालता परवाना व कर यांच्या साहाय्याने नियंत्रण ठेवावे, असा निर्वाळा दिला. तो समतोल होता, यात शंका नाही; परंतु आयोगापुढचे मुख्य प्रश्न सेवनाने होणारा अपाय आणि महसूल हेच होते. पिकविणारा येथेही कडेलाच राहिला.

आजचा कायदा १९८५ चा. त्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने आणि बी त्यात मोडत नाहीत. म्हणूनच महाशिवरात्रीची भांग गांजाच्या गुन्ह्यातून सुटते. त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमाने धागा व बी यांसाठी लागवड करू देण्याची मुभाही ठेवली आहे. (आपल्या किनाऱ्यावरचे कोळी ज्याच्या सुताची जाळी विणत, तो ताग निराळा, त्याला नशेचा वासही नाही.) या मुभेचा उपयोग करून उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक लागवडीचे परवाने देण्यास आरंभ केला. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेचे बी आणि त्याचे तेल यांना खाद्य म्हणून मान्यता दिली. म्हणजे बी खाण्यास देशभर मोकळीक. ते पिकविण्याची रीतसर सोय मात्र मोजक्याच राज्यांत!

खरी मेख पुढेच आहे. उत्तराखंडाच्या नियमानुसार पिकात टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य ०.३ टक्क्यापेक्षा अधिक असता कामा नये. हे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही. ते बियाण्यावर आणि हवामानावर अवलंबून असते. पेरणी, खुरपणी, मजुरी सर्व झाल्यावर प्रयोगशाळेचा आकडा मर्यादेबाहेर गेला तर नुकसान कोणी सोसायचे? मंदसौर, नीमच, रतलाम येथील अफूच्या शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. पिकाने ठरलेला उतारा दिला नाही तर त्याचा पुढील वर्षाचा परवाना धोक्यात येतो. गारपिटीने शेत झोडपले तरी अधिकाऱ्यांच्या समक्ष पीक उपटून टाकण्याची परवानगी आधी मागावी लागते. एकीकडे तुटपुंजा सरकारी दर, दुसरीकडे चोरट्या बाजाराचे आमिष. या कात्रीत नियंत्रण कागदावर कडक आणि शेतात सैल होते.

आमचे म्हणणे एवढेच की, नशेच्या भयाने उपयुक्त पिकाला दार बंद करणे शहाणपणाचे नाही आणि नुसता परवाना छापून मोकळे होणे त्याहूनही नाही. परवान्याआधी तपासलेले बियाणे सरकारने द्यावे. त्या बियाण्याचे पीक मर्यादेबाहेर गेल्यास शेतकऱ्याला गुन्हेगार न मानता भरपाई द्यावी. खरेदीचा भाव पेरणीपूर्वी जाहीर करावा आणि परवान्यांत लहान शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना अग्रक्रम ठेवावा. एवढे करण्याची तयारी नसेल, तर परवान्याची भाषा न बोललेली बरी. माळव्यात परवान्यावर शुल्क सरकारने घेतले आणि नफा व्यापाऱ्याने; जोखीम तेवढी शेतकऱ्याकडे राहिली. नव्या परवान्यानेही तीच वाटणी करायची असेल, तर त्याला सुधारणा कोणी म्हणू नये.